पडायला शिकवणारे विमान

बारामती, गोंदिया किंवा धुळे यांच्या आसपास तुमचे घर असेल, तर आकाशात घिरट्या घालणारे एखादे लहानसे विमान तुम्ही नक्कीच पाहिले असेल. या तिन्ही ठिकाणी वैमानिक तयार करणाऱ्या संस्था आहेत. एखाद्या सकाळी त्या विमानाकडे जरा लक्ष देऊन पाहा. बरेच उंच गेल्यावर त्याच्या इंजिनाचा आवाज हळूहळू मंदावतो. नाक वर उचलले जाते. विमान हवेत लोंबकळल्यासारखे दिसते आणि मग एकाएकी नाक खाली टाकून कोसळू लागते. चार-दोन सेकंद जातात. इंजिन पुन्हा घुमू लागते, विमान सावरते, वर चढते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार!

शेताच्या बांधावरून हे पाहणाऱ्याला वाटते, झाले, विमान बिघडले. प्रत्यक्षात त्या विमानात काहीही बिघडलेले नसते. आत दोन माणसे असतात. एक शिकणारा आणि एक शिकवणारा. आणि त्या दिवशीचा पाठ असतो, विमान मुद्दाम पाडायचा.

पोहायला शिकवणारा माणूस मुलाला आधी पाण्यात डोके बुडवायला लावतो, तसेच काहीसे हे आहे. पण पाण्यात नाका-तोंडात पाणी जाण्यापलीकडे सहसा काही होत नाही. हवेत चूक झाली तर खाली जमीन असते. मग हा धोका पत्करून विद्यार्थ्याला हे का शिकवायचे? आणि ज्या विमानाने वारंवार कोसळायचे आणि वारंवार सावरायचे, ते विमान कसे बांधलेले असते? आज आपण हे एका विशिष्ट विमानाच्या मदतीने समजून घेऊ. त्या विमानाचे नाव एच.टी.-२.

हे विमान निवडण्याचे कारण आहे. भारतीय अभियंत्यांनी आराखड्यापासून स्वतः तयार केलेले आणि नंतर मोठ्या संख्येने बांधले गेलेले हे आपले पहिले विमान. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत ते तयार झाले. १९५१ च्या ऑगस्ट महिन्यात त्याने पहिले उड्डाण केले. वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी. त्यापूर्वी आपले वैमानिक टायगर मॉथ या इंग्रजी विमानावर शिकत. पोलादी नळ्या व लाकूड यांचा सांगाडा, वर कापड आणि एकावर एक असे दोन पंख, अशी ती जुनी चीज होती. एच.टी.-२ मात्र धातूचे होते. एकच पंख, तोही विमानाच्या पोटाखालून दोन्ही बाजूंना गेलेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांचा पसारा १०.७२ मीटर, विमानाची लांबी ७.५३ मीटर, आणि माणसे व पेट्रोल यांच्यासह कमाल वजन १०१६ किलोग्रॅम. १५५ अश्वशक्तीचे इंजिन. कमाल वेग ताशी २०९ किलोमीटर. म्हणजे आजची एखादी चांगली मोटारगाडी जमिनीवर त्याच्याशी शर्यत लावू शकेल! अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. हवाईदलाने ती वापरली, नौदलाने वापरली आणि नागरी वैमानिक शिकवणाऱ्या संस्थांनीही वापरली. घाना या आफ्रिकी देशाने आपले हवाईदल उभारताना डझनभर विमाने आपल्याकडून नेली.

या विमानाच्या आराखड्याचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावी १९०८ साली त्यांचा जन्म झाला. पुढे ते जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे त्यांना जे गुरू लाभले त्यांचा आपल्या आजच्या विषयाशी अगदी जवळचा संबंध आहे. पण त्या गुरूंकडे वळण्याआधी पंख विमानाला वर कसा धरतो ते पाहिले पाहिजे.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी अनेक वर्षे वर्गात असे सांगत आलो, की पंखाचा वरचा पृष्ठभाग फुगीर असतो, त्यामुळे वरून जाणाऱ्या हवेला जास्त अंतर कापावे लागते, खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोहोचायचे म्हणून ती वेगाने धावते, आणि वेग वाढला की दाब कमी होतो. ऐकायला छान वाटते. एके वर्षी अकरावीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मग विमान उलटे होऊन कसे उडते?" मी निरुत्तर झालो. घरी येऊन पुस्तके काढली तेव्हा कळले, की वरच्या आणि खालच्या हवेने मागच्या काठाशी एकाच वेळी पोहोचले पाहिजे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पोहोचते! वेग वाढला की दाब कमी होतो हे खरे. चुकीचे होते ते वेग वाढण्याचे कारण.

सरळ विचार करू. पतंग आठवा. कन्नी बरोबर बांधली की पतंग वाऱ्याला थोडा तिरका उभा राहतो, वाऱ्याला खाली ढकलतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः वर उचलला जातो. न्यूटनचा तिसरा नियम. पंखाचेही तसेच आहे. समोरून येणाऱ्या हवेशी पंख थोडा तिरका असतो. खालचा पृष्ठभाग हवेला खाली लोटतोच, पण वरची हवासुद्धा पंखाच्या वळणाला चिकटून वाहते आणि मागच्या काठाशी खाली वळते. हवा खाली, पंख वर. पंखाची तिरपी बाजू आणि समोरून येणारी हवा यांच्यामधल्या कोनाला आपण आघातकोन म्हणू. आजच्या पाठात हाच कोन लक्षात ठेवायचा आहे. उलट्या विमानाचे कोडेही त्यानेच सुटते. वैमानिक नाक पुरेसे वर धरून उलट्या पंखालाही योग्य तो आघातकोन देतो.

आता थोडे गणित. पंखाला वर उचलणाऱ्या बलाला उत्थापन म्हणतात. त्याचे सूत्र असे :

उत्थापन = ½ × हवेची घनता × (वेग)² × पंखांचे क्षेत्रफळ × उत्थापनाचा गुणांक

हा गुणांक आघातकोनाबरोबर वाढतो. कोन लहान तर गुणांक लहान, कोन मोठा तर गुणांक मोठा. एच.टी.-२ च्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर धरा. बंगलोर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथील हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम धरा. विमानाचे वजन १०१६ × ९.८ म्हणजे सुमारे ९९६० न्यूटन. विमान सरळ, एकाच उंचीवर उडत असेल तर उत्थापन बरोबर इतकेच हवे.

ताशी १८५ किलोमीटर हा या विमानाचा नेहमीचा प्रवासाचा वेग. म्हणजे सेकंदाला ५१.४ मीटर. सूत्रात घालून पाहा, गुणांक येतो ०.४३. आता वैमानिकाने इंजिन मंद केले आणि वेग १३० झाला. वजन तर तेवढेच आहे! मग गुणांक वाढवावा लागणार. तो येतो ०.८७. त्यासाठी वैमानिक दांडा मागे ओढतो, नाक वर जाते, आघातकोन वाढतो. वेग १०० वर आला तर गुणांक हवा १.४७. वेग ९० झाला तर १.८१.

आणि येथे अडचण येते. या प्रकारच्या साध्या पंखाचा गुणांक सुमारे दीडच्या पुढे जातच नाही. आघातकोन पंधरा अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत गुणांक वाढत जातो. त्यापुढे कोन वाढवला तर गुणांक वाढण्याऐवजी एकदम घसरतो. आपल्या गणितात दीडचा गुणांक ताशी सुमारे ९९ किलोमीटरला लागतो. त्याहून हळू गेल्यास पंख विमानाचे वजन पेलू शकत नाही. या अवस्थेला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. मोटार 'स्टॉल' झाली म्हणजे इंजिन बंद पडले असे आपण म्हणतो. येथे तसे नाही, बरे का! विमानाच्या स्टॉलमध्ये इंजिन व्यवस्थित चालू असू शकते. स्टॉल होतो तो पंखाचा.

पण हा गुणांक पंधरा अंशांनंतर घसरतो का? याचे उत्तर देणारे शास्त्रज्ञ म्हणजेच घाटग्यांचे गुरू लुडविग प्रांटल. १९०४ साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेत प्रांटलनी एक निबंध वाचला. छापल्यावर तो जेमतेम आठ पानांचा झाला. त्या आठ पानांत त्यांनी सांगितले, की पृष्ठभागाला अगदी लगटून हवेचा एक पातळ थर असतो. या थरातली हवा घर्षणामुळे मंदावलेली असते. या थराला सीमास्तर म्हणतात. बाकीच्या हवेला घर्षण जवळजवळ जाणवतच नाही. सगळी गडबड होते ती या पातळ थरात.

घाटातल्या सायकलस्वारांची कल्पना करा. आधी मोठा उतार आहे आणि लगेच समोर चढ. उतारावर सगळेच वेग घेतात आणि त्या वेगाच्या जोरावर चढ चढून जातात. पण त्यांच्यातल्या एकाचे ब्रेक चाकाला घासत आहेत असे समजा. उतारावर त्याने पुरेसा वेग घेतलाच नाही. तो चढाच्या मध्येच थांबतो आणि उलटा मागे येऊ लागतो. मागून येणारे त्याला चुकवण्यासाठी रस्ता सोडून बाहेर जातात.

पंखाच्या वरच्या बाजूला नेमके हेच घडते. पुढच्या काठाजवळ दाब झपाट्याने कमी होतो, म्हणजे हवेला उतार मिळतो. नंतर मागच्या काठाकडे दाब पुन्हा वाढत जातो; तो चढ. सीमास्तरातली मंद हवा म्हणजे ब्रेक घासणारा सायकलस्वार. आघातकोन लहान असतो तेव्हा चढ सौम्य असतो आणि ती कशीबशी पार होते. कोन वाढवला की चढ खडा होतो. सीमास्तरातली हवा मध्येच थांबते, उलटी वाहू लागते, आणि वरचा सगळा प्रवाह पंख सोडून निघून जातो. पंखाच्या पाठीवर भोवरे उरतात. पंखाला चिकटून खाली वळणारी हवाच उरली नाही, मग उत्थापन कोठून राहणार?

हे सगळे ज्यांनी शोधून काढले त्यांच्याच हाताखाली घाटगे शिकले. भारतात परतल्यावर ते बंगलोरच्या विमान कारखान्यात रुजू झाले. १९४२ साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा शिकवण्याची धुराही त्यांच्याकडेच आली. म्हणजे त्यांनी आधी विमान बांधणारे विद्यार्थी घडवले आणि मग विमान चालवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विमान बांधले. मला हा क्रम फार आवडतो.

आता आपण त्या विमानात बसू या. एच.टी.-२ मध्ये दोन बैठका एकामागे एक आहेत. विद्यार्थी पुढे, शिक्षक मागे, आणि दोघांवर मिळून काचेचे एक आच्छादन. दोघांच्याही पुढ्यात एकेक दांडा आणि पायांशी रडरची पायटी आहेत, आणि ती आतून एकमेकांना जोडलेली आहेत. विद्यार्थ्याने दांडा हलवला की शिक्षकाच्या पुढचा दांडाही हलतो. दांडा पुढे-मागे केला की शेपटीवरचा एलेव्हेटर हलतो आणि नाक खाली-वर होते. दांडा डावी-उजवीकडे केला की पंखांच्या टोकांजवळची एलेरॉन नावाची झडपे हलतात, एका बाजूचे वर, दुसऱ्या बाजूचे खाली, आणि विमान कुशीवर कलते. पायांनी शेपटीचा रडर वळतो आणि नाक डावी-उजवीकडे जाते.

उंची पाच-सहा हजार फूट. शिक्षक सांगतात, इंजिन मंद कर, दांडा हळूहळू मागे घे, उंची सोडू नकोस. वेग उतरू लागतो. वाऱ्याचा आवाज कमी होतो. दांडा सैल, लुळा वाटू लागतो. मग विमान थरथरते. पंखावरून सुटलेले भोवरे शेपटीवर आदळतात, त्याची ही थरथर. ही सूचना. विद्यार्थी तरीही दांडा ओढतच राहतो (आज तसे करायचेच आहे) आणि नाक खाली पडते.

अशा वेळी नवख्या माणसाच्या मनात पहिली ऊर्मी काय येते? नाक खाली चालले आहे, जमीन समोर दिसते आहे, तर दांडा आणखी मागे ओढावा! शहाणपण वाटते, पण नेमके तेच घातक आहे. आघातकोन आधीच जास्त झाला आहे आणि ओढल्याने तो आणखी वाढतो. योग्य कृती मनाच्या अगदी विरुद्ध आहे : दांडा पुढे ढकलायचा, जमिनीच्या दिशेने! कोन कमी होतो, हवा पंखाला पुन्हा चिकटते आणि पंख कामाला लागतो. मग इंजिन वाढवून विमान अलगद वर घ्यायचे. पुस्तकात हे वाचून दोन मिनिटांत समजते. पण हातांना ते पटायला पुन्हा पुन्हा करावे लागते.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे स्पिन. स्टॉलच्या क्षणी समजा डावा पंख जरा आधी खाली गेला. खाली जाणाऱ्या पंखाला हवा खालून येऊन भिडते, म्हणजे त्याचा आघातकोन वाढतो. एरवी कोन वाढल्याने त्याचे उत्थापन वाढले असते आणि तो आपोआप सावरला असता. पण आपण पंधरा अंशांच्या पलीकडे आहोत. येथे कोन वाढला की उत्थापन घटते. म्हणून डावा पंख आणखी खाली जातो, त्याने कोन आणखी वाढतो. वर जाणाऱ्या उजव्या पंखाचे याच्या उलट होते. विमान गिरक्या घेत, भिंगरीसारखे फिरत खाली येऊ लागते. विद्यार्थी पंख उचलण्यासाठी दांडा उजवीकडे ढकलतो. डाव्या पंखाचे एलेरॉन खाली झुकते, त्या भागाचा कोन अधिकच वाढतो, आणि मदत होण्याऐवजी बहुधा गिरकी पक्की होते.

विमानविद्येच्या पहिल्या दशकात स्पिन म्हणजे मृत्यू, असाच समज होता. २५ ऑगस्ट १९१२ या दिवशी इंग्लंडमध्ये लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे विमान सुमारे ७०० फुटांवर स्पिनमध्ये सापडले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी दांडा मागे ओढला आणि रडर गिरकीच्याच दिशेने दाबला. उपयोग शून्य. जमीन जवळ आल्यावर, आता गमावण्यासारखे काही उरले नाही म्हणून, त्यांनी रडर उलट दिशेला पूर्ण दाबला. गिरकी थांबली. तेव्हा ते जमिनीपासून सुमारे ५० फुटांवर होते! पाहणारे जाणकार होते आणि पार्क जिवंत होते, म्हणून ही कृती नोंदली गेली.

पण ती का लागू पडते? पाच वर्षांनी, १९१७ साली, फार्नबरो येथील लिंडमन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ हे तपासायला स्वतः विमान चालवायला शिकला आणि मुद्दाम स्पिनमध्ये शिरला. गिरक्या घेत असताना तो उपकरणांवरचे आकडे वाचत होता. स्पिनमध्ये विमानाचा वेग कमीच राहतो, सुळकी मारणाऱ्या विमानासारखा वाढत नाही, म्हणजे पंख अजून स्टॉलमध्येच आहेत, हे त्या मोजमापांतून स्पष्ट झाले. भौतिकशास्त्र शिकवणारे आम्ही लोक फळ्यापाशी सुरक्षित उभे असतो. म्हणून मला या माणसाचे विशेष वाटते. आज शिकवली जाणारी सर्वसाधारण पद्धत अशी : इंजिन मंद, एलेरॉन मध्यावर, रडर गिरकीच्या विरुद्ध पूर्ण दाबून धरायचा, मग दांडा पुढे; गिरकी थांबताच रडर मध्यावर आणि अलगद वर.

त्याच १९१७ साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने उड्डाण शिकवण्याची रीतच बदलली. तोवर विद्यार्थ्याला धोकादायक गोष्टी टाळायला सांगत. स्मिथ-बॅरीने दोन्ही बैठकांना चालवण्याची साधने असलेले विमान घेतले, शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्याच्या कानापर्यंत नेणारी बोलनळी बसवली, आणि ठरवले की धोक्यात शिक्षकाने विद्यार्थ्याला स्वतः न्यायचे आणि बाहेर विद्यार्थ्यानेच काढायचे. तुमच्या डोक्यावर जे विमान कोसळते आणि सावरते, ते आजही त्याच रीतीने चालले आहे.

हे सगळे पाच हजार फुटांवर. खरा प्रश्न पाचशे फुटांवरचा आहे. धावपट्टीवर उतरण्यापूर्वी विमानाला शेवटचे वळण घ्यावे लागते. वेग कमी, उंची कमी, आणि लक्ष सगळे धावपट्टीकडे. विद्यार्थ्याला वाटते, वळण थोडे उशिरा घेतले, धावपट्टी ओलांडून पुढे जाणार. म्हणून तो विमान आणखी कलवतो आणि दांडा मागे ओढतो. आता पाहा काय होते. विमान कलले की उत्थापनही त्याच्याबरोबर कलते. त्याचा फक्त उभा घटक वजन पेलतो. उत्थापन × कोज्या (कल) = वजन. साठ अंशांच्या कलाला कोज्या अर्धी. म्हणजे उत्थापन वजनाच्या दुप्पट हवे! आणि उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने स्टॉलचा वेग √२ पट होतो. सरळ उड्डाणात जो ९९ होता तो झाला १४०. वेगदर्शकावर १३० दिसत आहेत, विद्यार्थी निश्चिंत आहे, आणि पंख मात्र स्टॉलमध्ये गेला आहे. स्पिनची एकेक गिरकी काही शे फूट उंची खाते. पाचशे फुटांवर योग्य कृती ठाऊक असूनही ती करायला जागा नसते. तेथे उपयोगी पडते ती फक्त आधीची थरथर ओळखण्याची सवय, आणि ती सवय वर लावलेली असावी लागते.

म्हणून शिकाऊ विमानाचा आराखडा ही मोठी नाजूक गोष्ट आहे. कधीच स्टॉल न होणारे, स्पिनमध्ये न शिरणारे विमान बांधले तर विद्यार्थी खुशीत राहील, पण लढाऊ विमानावर गेला की पहिल्याच चुकीला फसेल. फार बेभरवशाचे बांधले तर तो तेथवर पोहोचणारच नाही. विमानाने स्टॉलपूर्वी स्पष्ट थरथरावे, इशारा द्यावा, स्पिनमध्ये गेलेच तर ठरलेल्या कृतीला दाद द्यावी. यासाठी अनेक युक्त्या असतात. पुष्कळ विमानांचा पंख टोकाकडे किंचित पिळलेला असतो, म्हणजे धडाजवळच्या भागाचा आघातकोन जास्त आणि टोकाचा कमी. मग स्टॉल धडाजवळ आधी होतो आणि टोकाची एलेरॉने काही काळ कामाची राहतात. शेपटीचा आडवा पंख कोठे बसवायचा हेही महत्त्वाचे, कारण स्पिनमध्ये त्याच्या आडोशात रडर सापडला तर रडरवर वाराच लागत नाही.

एच.टी.-२ ने तीन दशकांहून अधिक काळ हे काम केले. त्याच्या जागी हवाईदलात आलेल्या एच.पी.टी.-३२ 'दीपक' चे पहिले उड्डाण १९७७ साली झाले. हवेत इंजिन बंद पडण्याच्या घटना आणि अपघात यांमुळे २००९ साली त्याची उड्डाणे थांबवावी लागली, आणि २०१३ पासून स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने आली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने नंतर तयार केलेले एच.टी.टी.-४० हे शिकाऊ विमान ३१ मे २०१६ ला प्रथम उडाले. उडाले म्हणजे तयार झाले, असे मात्र नव्हे. स्पिनच्या चाचण्या आणि त्यासाठी शेपटीत कराव्या लागलेल्या सुधारणा यांतच पुढे काही वर्षे गेली. संगणक आहेत, वातबोगदे आहेत, तरीही स्पिनचा शेवटचा निकाल चाचणी वैमानिकाला वर जाऊनच घ्यावा लागतो.

आता एक गणित तुमच्यासाठी. वर आपण साठ अंशांच्या कलासाठी स्टॉलचा वेग काढला. तसाच तो तीस आणि पंचेचाळीस अंशांसाठी काढा. ९९ ला कोज्येच्या वर्गमुळाने भागायचे, इतकेच. तीस अंशांचे उत्तर १०६ च्या आसपास आले पाहिजे. मग वहीत आडव्या अक्षावर कल आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन शून्यापासून पंचाहत्तर अंशांपर्यंतचा आलेख काढा. तीस अंशांपर्यंत रेषा जवळजवळ सपाट आहे आणि नंतर ती कशी उभी चढत जाते ते पाहा. उतरण्याच्या वळणात नवख्या विद्यार्थ्याने तीस अंशांहून जास्त कलू नये असे शिक्षक का बजावतात, ते त्या आलेखात तुम्हाला दिसेल.